मोटारीचा कारखाना येईल तेव्हा येईल, आधी आपल्या ट्रॉलीचे बघा

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला तेव्हापासून एक प्रश्न पारावर, आठवडी बाजारात आणि एस.टी. स्टँडवर हमखास कानी पडतो. "एवढा मोठा रस्ता झाला बाप्पा, मंग गाड्या बनवाचा कारखाना आपल्या वाशिमले काहून येत नाही?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आपण नेहमी मुंबईच्या मंत्रालयात शोधतो. ते आपल्याच गावच्या वेल्डिंगच्या शेडमध्येही थोडेफार सापडते, एवढेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

आधी रस्त्याचे बघू. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा सबंध रस्ता खुला झाला. आपल्याला कारंजा, शेलूबाजार आणि मालेगावजवळ चढ-उताराची सोय मिळाली. मालेगावहून निघालेला मालाचा ट्रक तीन तासांच्या आसपास शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीपाशी पोचतो. पूर्वी मेहकर, सिंदखेडराजा, जालना करत जायचे म्हटले की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. हा फरक लहान नाही. पण रस्ता दोन्हीकडून चालतो, हे आपण विसरतो. आपला माल जितक्या लवकर बाहेर जातो तितक्याच लवकर बाहेरचा माल आपल्या दारात येऊन पडतो. शिवाय महामार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. वरून जाणारी गाडी मालेगावच्या चौकात चहाला थांबत नाही, की पंक्चर काढायला शेलूबाजारात उतरत नाही.

आता कारखाना कुठे येतो आणि का येतो, ते पाहा. लांब जायला नको, छत्रपती संभाजीनगरचेच उदाहरण घ्या. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. पण त्याआधी तिथे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत होती, इंजिनिअरिंग कॉलेज होते, लेथवर हात बसलेली माणसे होती. बजाजच्या मागोमाग सुटे भाग करणारे लहान उद्योजक आले. त्यातलीच एन्ड्युरन्स ही कंपनी १९८५ मध्ये ॲल्युमिनियमचे ओतीव भाग करण्यापासून सुरू झाली आणि आज तिचे कारखाने परदेशातही आहेत. पुढे २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाची जुळणी सुरू झाली. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनला वीस हजार कोटींच्या प्रकल्पासाठी शासनाशी सामंजस्य करार केला. म्हणजे पहिल्या स्कूटरपासून या करारापर्यंत एकोणचाळीस वर्षे गेली, आणि दरवेळी नवा येणारा जुन्याच्या शेजारी बसला. मोटारीचा कारखाना हा गोतावळ्यात राहणारा प्राणी आहे. एका गाडीला हजारो सुटे भाग लागतात, ते करणारे शे-दोनशे जण आसपास असल्याशिवाय त्याचे भागत नाही.

नुसता मोठा कारखाना आणून ठेवला की सगळे आपोआप होते, असेही नाही. आपल्याच विदर्भात भंडारा जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे. चांगला कारखाना आहे, पण म्हणून भंडाऱ्याचे वाळूज झाले नाही. नागपूरला हिंगण्यात महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात. ते आपण विकत घेतो, त्यांची पूजा करतो, नारळ फोडतो आणि शेतात नेतो. त्यापलीकडे आपला त्यांच्याशी संबंध नाही.

वाशिमचे स्पष्ट बोलायचे तर १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ९७ हजार. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागास जिल्ह्यांना 'आकांक्षित' असे गोड नाव दिले, त्या यादीत राज्यातून नंदुरबार, गडचिरोली आणि त्या वेळच्या उस्मानाबादसोबत आपण होतो. खरीप म्हणजे सोयाबीन, तीन लाख हेक्टरच्या आसपास. उद्योग म्हणावे तर डाळ मिल, जिनिंग, थोडेफार तेलबियांचे. पाणी पावसावर. अशा ठिकाणी कोणी वर्षाला लाख गाड्यांचा कारखाना टाकील, हे निवडणुकीच्या सभेत ऐकायला बरे वाटते. टाळ्या वाजवा, पण त्याच्या भरवशावर पोराचे लग्न ठरवू नका.

मग वाशिमला वाहन उद्योगच नाही का? आहे की! फक्त आपण त्याला उद्योग म्हणत नाही, 'वर्कशॉप' म्हणतो. रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कुठल्याही तालुक्याच्या गावी शिरताना रस्त्याच्या कडेला निळ्या ठिणग्या उडताना दिसतात. उघड्यावर चॅनेल आणि अँगल पडलेले असतात, एक ट्रॉली उलटी घातलेली असते, दुसरीला लाल रंग मारणे चालू असते. तिथे ट्रॉल्या होतात, पाण्याचे टँकर होतात, वखर, नांगर, पंजी, तिफणीची चौकट, पेरणी यंत्राची दुरुस्ती, मळणी यंत्राच्या जाळ्या, सगळे होते. मिस्त्री कागदावर रेघ ओढत नाही. त्याच्या डोक्यात नकाशा असतो आणि खिशात खडू.

या ट्रॉलीचा जमाखर्च मांडून पाहा, म्हणजे दुखणे कळेल. लोखंड बाहेरून येते. जालना पोलादासाठी प्रसिद्ध, पण तिथल्या भट्ट्यांचा मुख्य माल म्हणजे बांधकामाची सळई. ट्रॉलीला लागणारा जाड पत्रा आणखी लांबून येतो. ॲक्सल, हब, बेअरिंग बाहेरून. ट्रॉली उचलणारा हायड्रॉलिक जॅक बाहेरून. टायर बाहेरून, तेही पुष्कळदा ट्रकने वापरून टाकलेले. आपल्या गावात राहते ती फक्त कापण्याची, जोडण्याची आणि रंगवण्याची मजुरी. एवढे असूनही हे वर्कशॉप दोन-चार घरे चालवते. यातला नुसता ॲक्सल किंवा जॅक जरी जिल्ह्यात होऊ लागला, तरी केवढा फरक पडेल!

आणि आता खरी मेख. शासनाने कृषी यांत्रिकीकरणासाठी २०१४-१५ पासून स्वतंत्र उपअभियान चालवले. महाडीबीटीवर अर्ज करायचा, नंबर लागला की अवजार घ्यायचे, बिल चढवायचे, अनुदान खात्यात. योजना चांगली आहे, हजारो शेतकऱ्यांना तिचा लाभ झाला. पण अनुदानाला पात्र ठरणाऱ्या अवजाराला प्राधिकृत संस्थेचा तपासणी अहवाल लागतो. हेही बरोबरच आहे, उद्या फाळ तुटून कोणाच्या पायात गेला तर? मात्र आपल्या मिस्त्रीकडे असा अहवाल नसतो. त्याचा वखर आपल्या काळ्या, चिकट, भेगाळणाऱ्या जमिनीला कितीही मानवो, अनुदानावर घ्यायचा म्हटले की शेतकरी दुकानात जातो आणि राजकोटकडचा रोटाव्हेटर घेऊन येतो. नाव वाशिमच्या शेतकऱ्याचे, अनुदान सरकारचे, आणि कारखानदारी गुजरात-पंजाबची! दोष राजकोटवाल्याचा नाही. त्यांनी आपले अवजार तपासून घेतले, आपण घेतले नाही.

पंजाबचे निघालेच आहे तर सांगतो. दिवाळीच्या आधी सोयाबीन कापायला आपल्या शिवारात हार्वेस्टर येतात, त्यांच्यावर 'नाभा' हे नाव वाचले असेल. नाभा म्हणजे पतियाळा जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव. तिथे मोठ्या परदेशी कंपनीने येऊन उद्योग उभा केलेला नाही. हरितक्रांतीनंतर गव्हाची कापणी उरकेना, मजूर मिळेना, तेव्हा स्थानिक कारागिरांनी आणि लहान उद्योजकांनी यंत्रे जोडायला घेतली आणि आज तिथली यंत्रे देशभर फिरतात. गरज दारात होती, हात गावात होते. आपल्याकडे यापेक्षा निराळे काय आहे?

महाराष्ट्रातही हे घडलेले आहे, आणि तेही फार पूर्वी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती मोटारीसाठी नव्हे, लोखंडी नांगरासाठी. त्याआधी बेळगावात सायकलचे दुकान आणि कडबा कापायचे यंत्र. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्याने सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. आज बिडकीनच्या करारात टोयोटाच्या पुढे जे नाव लागते, ते याच घराण्याचे. आधी नांगर, मग पंप, मग इंजिन आणि कितीतरी वर्षांनी मोटार!

आपला नांगर कोणता, असे विचाराल तर माझ्या मते रुंद वरंबा सरीचे पेरणी यंत्र, ज्याला आपण बीबीएफ म्हणतो. काळ्या जमिनीसाठी ही पद्धत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७०च्या दशकात मांडली. वरंब्यावर सोयाबीन, बाजूला सरी. पाऊस धो धो आला तर पाणी सरीतून निघून जाते, खंड पडला तर ओल धरून ठेवते. गेल्या काही वर्षांचा पाऊस पाहता आपल्याला दोन्हीची गरज एकाच हंगामात पडते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि रिसोड तालुक्यातले करड्याचे कृषी विज्ञान केंद्र ही दोन्ही ठिकाणे आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. पोकरा योजनेत २०१८ पासून आपला जिल्हा होता, गटांच्या अवजार बँका झाल्या. तीन लाख हेक्टर सोयाबीन असलेल्या जिल्ह्यात हे यंत्र तयार झाले नाही, तर ते व्हायचे कुठे?

ट्रॉलीचेही एक कायद्याचे अंग आहे. मोटार वाहन कायद्यात ट्रॉली हेसुद्धा वाहनच आहे, तिला नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी बनावटीला मान्यता. गावची ट्रॉली बहुधा विनानंबरची धावते. ना मागे लाल दिवा, ना चकाकणारी पट्टी. रात्री बाजार समितीतून परतताना मागून मोटारसायकल आदळली की मग पोलीस, विमा, कोर्ट, आणि दोन्ही घरांची धूळधाण. मान्यताप्राप्त बनावटीची ट्रॉली वाशिममध्ये होऊ लागली तर उद्योगही वाढेल आणि जीवही वाचतील. पण एकट्या मिस्त्रीला पुण्याच्या खेपा, नकाशे, चाचण्यांचा खर्च झेपत नाही. तो करील काय? आहे तसेच चालवील.

यावर उपाय माहीत नाही असे नाही. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. लहान उद्योजकांना एकेकट्याने परवडत नाहीत अशी यंत्रे आणि तपासणीची सोय तिथे सामाईक केली आहे. केंद्र आणि राज्य, दोघांच्याही समूह विकासाच्या योजना आहेत. आपल्या सहा तालुक्यांतल्या वर्कशॉपवाल्यांनी एकत्र येऊन मालेगाव किंवा कारंजाकडे एक सामाईक केंद्र मागावे. पत्रा कापायचे प्लाझ्मा यंत्र, वाकवायचा प्रेस, पावडर कोटिंग, मोजमापाची साधने आणि एक नकाशे काढणारा इंजिनिअर, इतके पुरे. जिल्हा उद्योग केंद्रात २०१९ पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, त्यात प्रवर्ग आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. अडचण अशी की आपले मिस्त्री एकमेकांचे गिऱ्हाईक तोडण्यात पटाईत. एका टेबलाशी बसतील तेव्हा खरे.

वाळूज-शेंद्र्याचे कामही अगदीच आवाक्याबाहेर नाही. इंजिनचे भाग कोणी आपल्याला देणार नाही, ते सोडा. पण गाडीतल्या तारांची जुडी, तिला हार्नेस म्हणतात, ती वजनाला हलकी आणि अजूनही मोठ्या प्रमाणात हाताने गुंफावी लागते. सीटची शिलाई तशीच. तीन तासांच्या वाटेवर असे काम करता येते आणि बचत गटात शिलाई शिकलेल्या बायांना ते जड नाही. अट एकच, मंगळवारी सकाळी म्हटले तर मंगळवारी सकाळी. 'उद्या पाठवतो' हा शब्द तिकडे चालत नाही, आणि हजारात चार नग खराब निघाले तरी बिल अडते.

हे सगळे कोणासाठी, तर आय.टी.आय.तून फिटर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडणाऱ्या पोरांसाठी. आज त्यांचा पत्ता चाकण नाहीतर वाळूज. एका खोलीत सहाजण, कंत्राटदाराच्या नावावर काम, अकरा महिने झाले की ब्रेक. "पोरगं कंपनीत हाय" असे बाप अभिमानाने सांगतो, पण कोणती कंपनी हे त्याला सांगता येत नाही, कारण ती दर वर्षी बदलते. पोरगा तिकडे जे शिकतो ते मात्र खरे असते. वेल्डिंगची शिस्त, मापाची सवय, वेळेचे भान. असा दहा वर्षे मुरलेला वेल्डर गावी परत आला तर त्याच्या हाती द्यायला आपल्याकडे आज भाड्याची टपरी आणि एक जुने मशीन आहे.

तेव्हा वर्कशॉपवाल्या बंधूंनो, या उन्हाळ्यात एक काम करा. बीबीएफचे किंवा वखराचे एकच मॉडेल ठरवा, पाच-सातजणांनी मिळून नमुना तयार करा आणि अकोल्याला विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागात नेऊन तपासणीचे कसे करायचे ते विचारा. आणि शेतकरी बांधवांनो, नमुना शेतात चालवून बघायला अर्धा एकर लागेल, तेवढे मृगाच्या आधी द्यायची तयारी ठेवा.