शीर पिवळी, पान हिरवे



गेल्या हंगामात एका सभासदाने खोडव्याचे पान आमच्या टेबलावर आणून ठेवले. "साहेब, हिराकस फवारू का?" आम्ही हो म्हटले. चूक आमचीच. लोह कमी पडले तर कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात, मधली जागा पिवळी पडते. इथे उलटे होते. पान हिरवे, अन् मधली शीर खालच्या अंगाने पिवळीधमक. हा पिवळ्या पानाचा विषाणू.

लागलेल्या उसाला यावर औषध नाही. गवताळ वाढीसाठी आपण बेण्याला ५४ अंशांची उष्ण बाष्प प्रक्रिया देतो, तिलाही हा दाद देत नाही. कोयत्यावाटे तो पसरत नाही. मावा आणि बेणे याच त्याच्या वाटा. माव्यावर फवारणी करता येते, पण पाहुण्याने देऊ केलेल्या बेण्याला नाही कसे म्हणायचे? खरी अडचण तिथे आहे.

ऊतिसंवर्धित रोपांच्या मळ्यातलेच बेणे घ्यावे, खोडव्याचे कदापि नको. सहा महिन्यांनंतर बेणेमळ्यात फिरून पिवळ्या शिरेचे बेट मुळासकट काढावे.

त्या सभासदाने खोडवा मोडला. यंदाचे बेणे गट ऑफिसात नोंदवून नेले, सासऱ्यांचा रोष पत्करून.