‘नॉर्मल’ नाही झालं, पण सुखरूप झालं

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडच्या जुन्या बायका म्हणतात. कन्नड घरांतही हेच ऐकायला मिळतं, ‘मरुजन्म’. पण हा दुसरा जन्म ऑपरेशनच्या टेबलावर झाला, की बोलण्याचा सूर बदलतो. बाळ-बाळंतीण बरी आहेत ना, हे विचारायच्या आधी प्रश्न येतो, ‘नॉर्मल नाही का झालं?’ जणू सिझेरियन म्हणजे परीक्षेत काठावर पास होणं! माझ्या पहिल्या बाळंतपणात हा प्रश्न मी दोन्ही भाषांत इतक्यांदा ऐकला, की आज त्याबद्दल चार शब्द लिहावेसे वाटतात. ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे, त्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, घरात शुद्ध मराठी. सासर बैलहोंगलचं, घरात शुद्ध कन्नड. लग्नानंतर मी मोडकंतोडकं कन्नड शिकले, ह्यांना मराठी समजतं. पण आईला कन्नडचं अक्षर येत नाही आणि सासूबाईंना, म्हणजे आमच्या अत्तींना, मराठी कळत नाही. डोहाळजेवण माहेरी झालं, तसा कुबुसाचा कार्यक्रम सासरी झाला. दोन्हीकडच्या हिरव्या बांगड्यांनी हात भरून गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मात्र दोन्ही घरची एकच.

सोळा तासांच्या कळा

ही गोष्ट २०११ च्या जुलैमधली. दिलेली तारीख उलटून पाच दिवस झाले होते. त्यामुळे अत्तीही आदल्या दिवशी येऊन राहिल्या होत्या. हे हुबळीला नोकरीवर होते. रात्री दोनच्या सुमारास पाणी गेलं आणि कळा सुरू झाल्या. बाहेर खानापूरचा पाऊस कोसळत होता. जीप ठरवूनच ठेवली होती. पंचवीस-सव्वीस किलोमीटरचं अंतर कापून आम्ही पहाटे बेळगावच्या नर्सिंग होममध्ये पोचलो.

तपासणी झाली. पिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलं होतं. बाळ बाहेर यायला ते दहा सेंटिमीटर उघडावं लागतं. पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके कागदावर उमटू लागले. मिनिटाला ११० ते १६० ठोके असले की सगळं ठीक, एवढं सिस्टरने समजावलं. मग त्या आकड्याकडे बघत बसणं हाच माझा उद्योग झाला. कळा पुरेशा येईनात म्हणून दहाच्या सुमारास सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं.

त्यानंतरच्या कळा पोटात कमी आणि कमरेत जास्त होत्या. कुणीतरी माकडहाडावर घण घालावा तशा. कारण नंतर कळलं. बाळाचं डोकं खालीच होतं, पण त्याची पाठ माझ्या पाठीकडे होती. अशा स्थितीत डोकं नीट वळून खाली सरकायला वेळ लागतो आणि कंबर अक्षरशः फुटते. आई एका बाजूने कंबर चोळत होती, अत्ती दुसऱ्या बाजूने. आई म्हणायची, ‘कळ सोस बाई, झालं आता.’ अत्ती म्हणायच्या, ‘ब्यानी ताळको मगळ.’ मराठीतल्या वेणा आणि कन्नडमधली ब्यानी, शब्द दोन, पण त्या दिवशी कानाला सख्ख्या बहिणी वाटले.

दुपारी तीनला आठ सेंटिमीटर झालं. सगळ्यांना वाटलं, आता तासाभराचा प्रश्न. पण तिथेच गाडी अडली. चार वाजले, पाच वाजले, सहा वाजले, तरी आठच. सहानंतर अंगावरून हिरवट पाणी जाऊ लागलं. बाळाने पोटातच शी केली होती. बाळाला त्रास होत असल्याची ती एक खूण असू शकते. पाठोपाठ कळ आली, की ठोके ऐंशी-नव्वदवर उतरू लागले. कळ ओसरल्यावरही ते पटकन वर येईनात. सिस्टरने मला डाव्या कुशीवर वळवलं, कळांचं औषध बंद केलं आणि डॉक्टरांना हाक मारली.

सही कुणाची?

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि दोन मिनिटांत निर्णय सांगितला. डोकं पुढे सरकत नाही, ठोके पडताहेत, आता थांबण्यात धोका आहे. ऑपरेशन लगेच करावं लागेल.

बाहेर गलका उडाला. कुणी फोन लावला. हे हुबळीहून निघाले होते, पण पावसात धारवाडच्या अलीकडेच अडकले होते. बाबा म्हणाले, ‘जावईबापू येऊ देत, त्यांच्या कानावर घालून मग करू.’ सिस्टरही कागद घेऊन दारात उभी, ‘यजमानांची सही पाहिजे होती.’ शेजारच्या खाटेजवळची एक बाई म्हणाली, ‘अजून तासभर थांबा, माझ्या सुनेचं असंच अडलं होतं, झालं की नीट.’ ज्याच्या-त्याच्या मनात माझं भलंच होतं. पण यंत्रातले ठोके कुणासाठी थांबणार नव्हते.

तेव्हा डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. मराठीत, सावकाश म्हणाल्या, ‘मी सांगितलं ते तुम्हाला समजलं का? समजलं असेल तर सही तुम्हीच करा. पेशंट तुम्ही आहात.’ कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. वर ‘ओप्पिगे पत्र’ असं लिहिलेलं मी अडखळत वाचलं. कशासाठी ऑपरेशन, भूल कशी देणार, रक्त लागलं तर काय, हे सिस्टरने एकेक ओळ बोट ठेवून सांगितलं. दोन कळांच्या मधे मी सही केली. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं असेल, पण ते माझं होतं.

मैत्रिणींनो, एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, म्हणून मुद्दाम सांगते. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या ऑपरेशनला तिची स्वतःची संमती लागते आणि ती पुरेशी असते. नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही कायद्याने बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली संमतीबद्दल सविस्तर निकाल दिला आहे. त्या खटल्यात पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेतली होती. सज्ञान पेशंटच्या बाबतीत ती चालणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. घरच्यांना विश्वासात घ्यावं, जरूर घ्यावं. पण त्यांची वाट पाहत बाळाचे ठोके पणाला लावू नयेत.

पडद्याच्या पलीकडे

पुढचं सगळं भराभर झालं. लघवीची नळी घातली, बांगड्या उतरवल्या, थंडगार खोलीत नेलं. पाठीचं धनुष्य करून बसायला सांगितलं आणि मणक्यात इंजेक्शन दिलं. कळ येत असताना न हलता बसणं, हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम! भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारची सिस्टर माझे खांदे धरून म्हणत होती, ‘अक्का, हेदरब्याड्री, अळगाडब्याड्री.’ घाबरू नका, हलू नका. काही मिनिटांत पाय लाकडासारखे झाले आणि सोळा तासांहून जास्त चाललेली कंबर एकदम गप्प झाली.

छातीसमोर हिरवा पडदा होता. दुखत काहीच नव्हतं, पण ओढाओढ जाणवत होती. अंग थडथड उडत होतं. भुलीत असं होतं, भिऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग पोटावर जोरात दाब आला आणि कुणीतरी म्हणालं, ‘मुलगी.’

रडू मात्र ऐकू आलं नाही. बालरोगतज्ज्ञ आधीच बोलावून ठेवले होते. त्यांनी तिला कोपऱ्यातल्या दिव्याखाली नेलं, पुसलं, श्वास दिला. तो मिनिटभर असेल, मला तप वाटलं. मग एक किरटा आवाज आला, मांजराच्या पिलासारखा. सात वाजून पाच मिनिटं झाली होती. निर्णयापासून अर्धा तासही गेला नव्हता. वजन दोन किलो नऊशे. हे सव्वाआठला भिजलेल्या कपड्यांत पोचले. मुलीला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी तिला काचेतूनच पाहिलं.

आई आणि अत्ती त्या वेळी बाहेरच्या बाकावर एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या, असं बाबांनी नंतर सांगितलं. बोलायला सामाईक भाषा नव्हती. अत्ती ‘कूसु, कूसु’ म्हणत होत्या आणि आईला वाटत होतं, विहीणबाई माझ्या कुशीबद्दल, पिशवीबद्दल विचारताहेत. कन्नडमध्ये कूसु म्हणजे तान्हं बाळ, मराठीत कूस म्हणजे ते जिथे वाढतं ती जागा. दोघी एकाच काळजीने झुरत होत्या.

घरी आल्यानंतर

आठव्या दिवशी घरी आलो. मग सुरू झाली भेटायला येणाऱ्यांची रांग. ‘नॉर्मल नाही का झालं?’, ‘हल्लीच्या मुलींना कळा सोसवत नाहीत’, ‘आता दुसरंही सिझरच’. खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटत होतं. मी बाळंत झाले नाही, मला कुणीतरी बाळंत केलं, असं. पहिल्या रात्री लेक माझ्याजवळ नव्हती, ते सारखं आठवायचं आणि डोळे भरून यायचे.

एकदा अशीच एक पाहुणी ‘नार्मल आगलिल्ला?’ म्हणून हळहळली. अत्ती तिथेच मुलीला तेल चोळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘कूसु बदुकैति, तायि बदुक्याळ, मत्तेन बेक?’ बाळ जगलं, आई जगली, आणखी काय पाहिजे? त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघाला नाही.

बाळंतपणाच्या रडू येण्याबद्दल एवढंच सांगते. पहिल्या काही दिवसांत असं होणं नेहमीचं आहे. पण दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, झोप-भूक उडाली असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर ‘नाटकं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

आमच्या रिवाजांना थोडी मुरड घालावी लागली. टाके भरेपर्यंत पोटाजवळ शेगडी नाही, धुराची कोंडी नाही. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताचा जोर देऊन बसायचं. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. दूध मात्र अडलं नाही. कुशीवर झोपून पाजलं, तर पोटावर भार येत नाही. आईच्या डिंकाच्या लाडवांचा डबा आणि अत्तींच्या अंटिन उंडीचा डबा शेजारी-शेजारी होता. पदार्थ तोच, चव थोडी वेगळी, माझी दोन्हीकडून चंगळ!

आकडे काय सांगतात?

सिझेरियन गरज नसतानाही होतात, ही तक्रार खोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे २००५-०६ मध्ये देशात १०० पैकी साधारण साडेआठ बाळंतपणं सिझेरियनने होत होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २१.५ झालं. कर्नाटकात ते ३१.५, महाराष्ट्रात २५.४ आणि गोव्यात ३९.५ होतं. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत ते ४७ च्या वर, तर सरकारी दवाखान्यांत १४ च्या आसपास. म्हणून आधीच ठरवलेलं ऑपरेशन असेल, तर ‘का?’ हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण कळा चालू असताना ठोके पडू लागले, तर तो वाद घालण्याची वेळ नव्हे. हा फरक घरातल्या सगळ्यांनी आधीच समजून घ्यायला हवा.

‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हेही खरं नाही. आडवा छेद असेल, दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर असेल आणि आधीचं कारण पुन्हा उद्भवलं नसेल, तर पुष्कळ जणींची पुढची प्रसूती खालून होऊ शकते. त्यात जुना टाका उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो. म्हणून ती प्रसूती तात्काळ ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच व्हावी.

सातव्या-आठव्या महिन्यातच बोलून ठेवा

रात्री-अपरात्री गाडी कोण आणणार? कर्नाटकात २००८ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, तो नंबर घरात सगळ्यांना पाठ हवा. तायी कार्ड आणि रक्तगटाचा कागद एकाच पिशवीत ठेवा. दवाखान्यात रात्री ऑपरेशनची, रक्ताची आणि बाळाच्या डॉक्टरांची सोय आहे का, ते आधी विचारा. सरकारी दवाखान्यात २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सिझेरियन, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत मिळते, हे कामवाल्या मावशींनाही सांगा.

आणि आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांसाठी आणखी एक. बाळंतिणीजवळ असं एक माणूस असू द्या, ज्याला डॉक्टरांची भाषाही कळते आणि तिचीही. कागद न समजता सही करू नका. समजला की मात्र उशीर करू नका.

माझी लेक आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. आजीशी मराठीत भांडते आणि अज्जीशी कन्नडमध्ये.