तीन शहरें आणि घरभाडें

घर पहावें बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु ज्यांना घर बांधणें साधत नाहीं, किंवा नोकरीच्या निमित्तानें ज्यांना गांव सोडावें लागतें, त्यांना तें भाड्यानें घेऊन पहावें लागतें. नागपूरच्या मुलास मुंबईंत नोकरी मिळाली म्हणजे घरांत प्रथम आनंद होतो, आणि तेथील भाड्याचा आकडा कळतांच चिंता सुरू होते. हा आकडा शहरागणिक इतका कां बदलतो, आणि दोन शहरांची तुलना करतांना नेमकें काय मोजावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

दोन निजण्याच्या खोल्या, दिवाणखाना व स्वयंपाकघर एवढी मध्यम प्रतीची सदनिका डोळ्यांपुढें ठेवूं. स्थूलमानानें सध्यां मुंबईच्या अंधेरी-गोरेगांवकडे तिला महिना ५० हजार रुपये किंवा त्याहून अधिक पडतात. पुण्यास कोथरुडसारख्या वस्तींत सुमारें ३० हजार. आणि नागपुरास १५ हजारांच्या आसपास तशी जागा मिळूं शकते. नाशिक व कोल्हापूर यांचें मान पुण्यापेक्षां नागपुरास अधिक जवळचें आहे. इमारत नवी कीं जुनी, लिफ्ट आहे कीं नाहीं, यावर हे आकडे खालीवर होतात. पण शहरांचा क्रम सहसा बदलत नाहीं.

या क्रमाचें पहिलें कारण भूगोल. मुंबई तीन बाजूंनीं पाण्यानें वेढलेली, आणि तिच्या जुन्या पेढ्या व कचेऱ्या दक्षिण टोकाला. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी सुरू झाली, तेव्हांपासून वस्ती लोहमार्गाच्या कडेकडेनें उत्तरेस वाढत गेली. वांद्रें-कुर्ला संकुलामुळें कचेऱ्यांचा भार थोडा सरकला. जमीन मात्र वाढली नाहीं. २०११ च्या जनगणनेंत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारें १ कोटि २४ लाख भरली. पुण्याची ३१ लाख व नागपूरची २४ लाख. पुण्यास पसरावयास अधिक जागा होती. तेथें भाडें ठरतें तें बव्हंशीं कामाच्या ठिकाणावरून. हिंजवडी व खराडी येथें माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, तशीं भोवतालचीं भाडीं चढलीं. शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांची मागणी त्यांत भर घालते. नागपूर सपाट प्रदेशांत वसलेलें. स्वतःच्या भूखंडावर घर बांधून वरचा मजला भाड्यानें देण्याची चाल तेथें अजून टिकून आहे.

दुसरें कारण कायद्याचें, आणि तें कमी परिचयाचें आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, मुंबई इलाख्यांत भाडेनियंत्रण आलें. पुढें १९४७ च्या कायद्यानें जुन्या घरांचें भाडें १ सप्टेंबर १९४० रोजीं जेवढें होतें तेवढ्यावर गोठविलें. महागाईच्या दिवसांत भाडेकऱ्यास तो मोठा आधार होता. परंतु दशकें उलटलीं तरी भाडें तेंच राहिलें. दुरुस्तीस पैसा पुरेना. मालक डागडुजी टाळूं लागले. नवीं घरें भाड्यानें देण्याचा उत्साहहि मावळला. आणि जागेच्या हस्तांतरांत पागडीची देवघेव चालूं लागली. विदर्भास १९४९ चा हुकूम व मराठवाड्यास हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा लागू होता. म्हणजे एकाच राज्याचे भाडेकरू तीन निरनिराळ्या नियमांखालीं रहात होते. नागपूरच्या मालकास, भाडेकऱ्यास जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वीं भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी कालांतरानें अवाजवी झाल्या आहेत असा निर्णय दिला. आणि ३१ मार्च २००० पासून सर्व राज्यास एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. जुन्या भाडेकऱ्यांचें संरक्षण त्यानें राखलें. म्हणून आजहि मुंबईच्या जुन्या इमारतींत एकाच जिन्यावर एक कुटुंब कांहींशें रुपयांत रहातें, तर शेजारीं नव्यानें आलेलें कुटुंब कित्येक हजार मोजतें. अशा शहराचें सरासरी भाडें काढलें, तर तें दोघांपैकीं कोणाच्याच उपयोगाचें नसतें.

नव्यानें येणाऱ्यास जागा मिळते ती बहुधा 'लीव्ह अँड लायसन्स'च्या करारानें, आणि अनेकदां ११ महिन्यांच्या मुदतीनें. येथें सांगितलेलें भाडें व खरें भाडें यांत फरक पडतो. समजा, भाडें २२ हजार ठरलें, अनामत रक्कम २ लाख, व दलाली एक महिन्याच्या भाड्याइतकी. दलालीचे २२ हजार ११ महिन्यांवर विभागले कीं दरमहा २ हजार होतात. अनामत परत मिळते. पण तिच्यावर शेंकडा ६ दरानें मिळूं शकणारें व्याज, म्हणजे दरमहा १ हजार, बुडतें. तेव्हां २२ हजारांची जागा २५ हजारांस पडली. दोन शहरांची तुलना करावयाची ती या दुसऱ्या आकड्यांची, आणि तीहि भिंतींच्या आंतील चटईक्षेत्र दोहोंकडे सारखें धरून.

याहून मोठा खर्च वेळेचा असतो, आणि तो कोणत्याहि करारांत लिहिलेला नसतो. बदलापूर-विरारकडे स्वस्त जागा घेऊन जो रोज जातां-येतां मिळून चार तास प्रवास करतो, त्याचे २५ दिवसांत १०० तास जातात. कचेरीजवळ राहून रोज एकच तास घालविणाऱ्याचे २५ जातात. भाड्यांत २० हजार वांचले असें मानलें, तर ७५ तासांचा मोबदला तासास सुमारें २६७ रुपये पडला. हा सौदा कोणास परवडेल, कोणास नाहीं. पण ज्या घरांत लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, तेथें त्या ७५ तासांचें मोल पैशांत होत नाहीं.

करार कितीहि मुदतीचा असो, महाराष्ट्रांत तो लेखी करून नोंदविणें आवश्यक आहे. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी नको, ही समजूत येथें चुकीची आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्यानें मालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींविषयीं वाद उपस्थित झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकऱ्याचें म्हणणें ग्राह्य धरलें जातें. उलटपक्षीं, परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुपटीनें नुकसानभरपाई मागतां येते. म्हणून मुलांची शाळा ठरविण्यापूर्वीं कराराची मुदत वाचावी. वर्ष अर्धें झालें असतां बिऱ्हाड हलवावें लागलें, तर त्याची झळ मुलास प्रथम बसते.

परगांवीं जाणाऱ्या कुटुंबानें भाडें, बुडणारें व्याज, दलाली, प्रवासाचा पैसा व प्रवासाचे तास एवढीं पांच कलमें कागदावर मांडावींत, आणि बेरीज हातीं येणाऱ्या पगारांतून वजा करावी. मुंबईचा मोठा पगार व नागपूरचा बेताचा पगार यांत खरें अंतर किती, तें त्या वजाबाकींतून दिसेल. कित्येकदां तें वाटतें त्याहून पुष्कळ कमी निघतें.