आवाज अडतो तेव्हा...

बँकेच्या व्यवहारात आकड्यांइतकेच महत्त्व बोलण्याला आहे. काउंटरवर किंवा दूरध्वनीवर एखाद्याचा आवाज गळा आवळल्यासारखा येऊ लागला, शब्द मध्येच तुटू लागले, की ऐकणारा त्याला घाबरट समजतो. प्रत्यक्षात ती व्यक्ती ‘स्पॅझ्मॉडिक डिस्फोनिया’ या मज्जासंस्थेच्या विकाराने त्रस्त असू शकते.

बोलताना स्वरयंत्रातील दोन स्वरपट्ट्या जवळ येतात आणि श्वासाच्या झोताने कंप पावतात. या विकारात मेंदूकडून येणारे संदेश बिघडल्यामुळे तेथील स्नायू आपोआप आखडतात. पट्ट्या घट्ट मिटल्या तर आवाज अडखळतो. हा प्रकार अधिक आढळतो. त्या अवेळी उघडल्या तर हवा निसटून आवाज कुजबुजल्यासारखा होतो. विशेष म्हणजे, अशी व्यक्ती अनेकदा सहज हसू किंवा गाऊ शकते.

या विसंगतीमुळेच गैरसमज वाढला. जर्मन वैद्य लुडविग ट्राउबे यांनी १८७१ मध्ये या विकाराचे वर्णन केले; त्यानंतर दीर्घकाळ तो मानसिक मानला गेला. आता तो ‘डिस्टोनिया’ या स्नायुनियंत्रणाच्या विकारांत गणला जातो. तो बहुधा मध्यम वयात सुरू होतो व स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. काहींच्या बाबतीत आनुवंशिकतेचा संबंध असतो. मानसिक ताणाने त्रास वाढतो; परंतु ताण हे त्याचे मूळ नव्हे.

निदानासाठी रक्ताची विशिष्ट चाचणी नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ आवाज ऐकून आणि दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून निष्कर्ष काढतात.

विकार समूळ बरा करणारे औषध नसले, तरी १९८४ पासून वापरात आलेले बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन उपयुक्त ठरले आहे. ते स्वरयंत्राच्या स्नायूत अल्प मात्रेत देतात. त्याने आखडणे कमी होऊन साधारण तीन-चार महिने आराम मिळतो. नंतर ते पुन्हा घ्यावे लागते. आरंभी काही दिवस आवाज क्षीण होणे, पाणी पिताना ठसका लागणे असे त्रास संभवतात. वाचा-उपचारांची जोड लाभदायक ठरते. निवडक रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा पर्यायही आहे.

अमेरिकेतील नभोवाणी निवेदिका डायान रेम यांच्या विकाराचे निदान १९९८ मध्ये झाले. उपचारांच्या बळावर त्यांनी आपला दैनंदिन कार्यक्रम २०१६ पर्यंत सुरू ठेवला.

तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ आवाज बदललेला राहिल्यास तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. आणि समोरच्याचा आवाज अडत असेल, तर त्याचे वाक्य आपण पूर्ण न करता त्याला पुरेसा अवधी द्यावा.