रिकाम्या कोठडीचंही भाडं

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात स्थलांतरितांना डांबून ठेवण्याचं एक मोठं केंद्र आहे. सरकारसाठी ते चालवते ‘जीईओ ग्रुप’ ही खासगी कंपनी. तिथे रांधणं, फरशी पुसणं, कपडे धुणं ही कामं कोठडीतलीच माणसं करत. मजुरी दिवसाला १ डॉलर! २०२१ मध्ये वॉशिंग्टन राज्याचं किमान वेतन होतं तासाला १३.६९ डॉलर. त्याच वर्षी ज्युरीने या माणसांची १ कोटी ७३ लाख डॉलरची थकबाकी कंपनीच्या माथी मारली. अपील न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला.

खासगी तुरुंगांचा हा धंदा १९८३ मध्ये नॅशव्हिलच्या एका कंपनीने सुरू केला. तिचं आजचं नाव ‘कोअरसिव्हिक’. सरकार सहसा दर कैद्यामागे रोजचे पैसे मोजतं. अनेक करारांत ८० ते १०० टक्के खाटा भरण्याची हमी असते. त्या भरल्या नाहीत, तर रिकाम्या खाटांचेही पैसे करदात्याच्या खिशातून जातात. मग गुन्हे घटले तरी सरकारचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही. कंपनीचा नफा वाढतो तो पगार, डॉक्टर आणि पहारेकरी यांवरचा खर्च छाटून.

हे थांबवायचे प्रयत्न झाले, पण टिकले नाहीत. ओबामांच्या न्याय खात्याने २०१६ मध्ये केंद्रीय तुरुंगांचे खासगी करार आटोपते घ्यायला सांगितलं. ट्रम्प सरकारने ते २०१७ मध्ये फिरवलं. बायडेन यांनी २०२१ मध्ये पुन्हा तसा आदेश काढला, पण स्थलांतरितांची केंद्रं त्यातून वगळली. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पदावर येताच तो रद्द केला. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये खासगी तुरुंगबंदीचा कायदाच केला. मात्र स्थलांतर हा केंद्र सरकारचा विषय असल्याने स्थलांतरितांच्या केंद्रांपुरता तो न्यायालयात अडकला.

उरते ती अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस. सिनेटर बर्नी सँडर्स यांनी २०१५ मध्ये खासगी तुरुंगबंदीचं विधेयक आणलं. खासदार प्रमिला जयपाल आणि ॲडम स्मिथ यांच्या विधेयकात खासगी केंद्रं बंद करण्याबरोबरच सक्तीची तपासणी आणि किमान सोयींचे निकषही आहेत. दोन्ही विधेयकं मंजूर झाली नाहीत.

पण नुसत्या बंदीने भागणार नाही. अमेरिकेतले सुमारे नऊ दशांश कैदी सरकारी तुरुंगांतच आहेत, आणि हालांसाठी बदनाम झालेला रायकर्स आयलंडचा तुरुंग न्यूयॉर्क शहराचाच आहे. म्हणून खासगी करार आणि खाटांची हमी बंद करणारा, शिवाय सरकारी तुरुंगांनाही तपासणीच्या कक्षेत आणणारा कायदा काँग्रेसनेच करायला हवा. नुसते आदेश दर निवडणुकीनंतर फिरतच राहतील.