सुकाणूच्या पोटातील फीत

एप्रिल 2014 मध्ये टोयोटा कंपनीने जगभरातील सुमारे 64 लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावली, त्यांत फेब्रुवारी 2005 ते डिसेंबर 2008 या काळात तयार झालेल्या, बंगळूरजवळच्या बिडदी येथील कारखान्याच्या 44,989 इनोव्हा मोटारी होत्या. बेळगावात सायकलींचे दुकान चालवता चालवता लोखंडी नांगराकडे वळलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आडनाव 1997 पासून या कारखान्याच्या पाटीवर असल्यामुळे, मराठी मनुष्याने या प्रकरणात अंमळ अधिक लक्ष घालावे हे स्वाभाविकच होय.

या इनोव्हांतील दोष होता तो एका चपट्या फितीत. सुकाणूचे चाक फिरत असताही त्याच्या मध्यभागी दडलेल्या एअरबॅगचा विजेशी संबंध अखंड राहावा म्हणून, घड्याळाच्या कमानीसारखी वेटोळी घातलेली ही तारांची फीत चाकामागे बसवलेली असते. तिच्यातील जोड तुटला की समोरचा इशारादीप लागतो आणि अपघातसमयी एअरबॅग न उघडण्याचा संभव उत्पन्न होतो.

शहरातील एका कार्यशाळेत ही फीत बदलताना मी पाहिली. चासी नंबर यादीशी ताडून झाल्यावर कारागिराने पुढची चाके सरळ केली, बॅटरीची ऋण तार सोडवली, आणि मग दीड मिनिट तो काहीही न करता उभा राहिला, कारण यंत्रणेत साठून राहिलेली वीज ओसरण्यापूर्वी एअरबॅगला हात लावणे म्हणजे स्फोटकाशी खेळणे. नंतर बाजूचे स्क्रू ढिले करून त्याने एअरबॅग उचलली, पिवळा जोड अलगद काढला, आणि चुकून उडालीच तर वर उसळू नये म्हणून तिची दर्शनी बाजू वर ठेवून ती मेजावर ठेवली. खरे कसब पुढेच होते: नवी फीत घड्याळाच्या उलट दिशेने अडेपर्यंत हलकेच फिरवायची आणि तेथून सुमारे अडीच फेरे परत आणून खुणेशी खूण जुळवायची. हा हिशेब चुकला, तर पहिल्याच मोठ्या वळणावर नवी फीतही तुटावयाची.

मालकाला यासाठी पैसा पडत नव्हता. पण मालक सापडणे हेच दुर्घट. पत्रे प्रायः दफ्तरातील जुन्या पत्त्यावर जात, आणि मोटार तोवर दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेलेली असे. “साहेब, ही गाडी विकून चार वर्षं झाली म्हणतात,” कार्यशाळेचे बेळगावकडचे मुकादम यादीवर बोट ठेवून म्हणाले, “आता ती म्हैसूरला का मंगळूरला, कुणाला विचारायचं?”

तेव्हा हे सारे उत्पादकांच्या संघटनेने 2012 साली स्वतःला घालून घेतलेल्या नियमावलीवर चाले. पुढे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आले, 1 एप्रिल 2021 पासून नियम अमलात आले आणि कसुरीबद्दल 1 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तजवीज झाली. मात्र सात वर्षांहून जुनी वाहने या सक्तीतून वगळली. हेच परिमाण 2014 च्या यादीला लावले असते, तर एप्रिल 2007 पूर्वीच्या इनोव्हा तिच्याबाहेर राहिल्या असत्या. आणि दहा-दहा वर्षे विमानतळाच्या खेपा करणारी ही मोटार पाहिली म्हणजे, सात वर्षांची मुदत कोणाच्या सोयीने ठरली, हा प्रश्न सरकारला विचारावासा वाटतो.