शब्दांचीं घरें

इंग्रजी वाचतां येतें, शब्दही पाठ असतात; पण वाक्य बोलावयाची वेळ आली कीं जीभ अडखळते, ही तक्रार सोलापुरांतल्या मराठी शाळांतून आम्हीं पुष्कळ वर्षें ऐकली. दोष मुलांचा नव्हे. भाषांची घडणच निराळी. ‘आई मुलाला उठविते’ म्हणा कीं ‘मुलाला आई उठविते’ म्हणा, अर्थ तोच. कर्म कोणतें तें ‘ला’ प्रत्यय सांगतो. संस्कृतांत तर ही मोकळीक आणखी मोठी. इंग्रजीलाही हजार वर्षांपूर्वीं असे विभक्तिप्रत्यय होते. ते पुढें झिजले आणि त्यांचें काम स्थानाकडे आलें. ‘द मदर वेक्स द बॉय’ हें उलटलें कीं निजलेली आई उठते, मुलगा नव्हे!

म्हणून रोजच्या सकाळवरच सराव करावा. आधीं कर्ता, लगेच क्रियापद, मग कर्म. स्थळ व काळ शेवटीं : ‘आय ईट भाकरी ॲट होम इन द मॉर्निंग.’ (शेंगाचटणी असल्यास ती भाकरीच्या शेजारींच वाढावी!) ‘ऑलवेज’ मात्र हट्टी. ‘आय ऑलवेज गेट अप अर्ली’ येथें तें क्रियापदाच्या आधीं, तर ‘आय ॲम ऑलवेज रेडी’ येथें ‘ॲम’च्या मागून.

तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर कित्येक पिढ्या शिकल्या. तिचें मोल आम्हीं जाणतों. पण बोलतांना मराठी वाक्य मनांत जुळवून मग उलटावयास उसंत कोठें? २००० सालापासून महाराष्ट्रांत पहिलीपासूनच इंग्रजी आहे. घरांतल्या वडील माणसानें मुलास ‘व्हॉट डू यू डू आफ्टर युवर बाथ?’ एवढें विचारावें. ‘आय मिल्क ड्रिंक’ असें उत्तर आल्यास हंसूं नये. ‘मिल्क’ तेवढा उचलून ‘ड्रिंक’च्या पलीकडे ठेवावा आणि पेला पुढें करावा.